पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर

४ फेब्रुवारी

हिच्या हुकुमावरून ही वही सुरू करतोय. ही कोर्टात लघुलेखक आहे. बावीस वर्षं साक्षीदारांच्या तोंडून पडेल तो शब्द टिपून टिपून हिची खात्री झालीय की जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. "बबडीला डॉक्टरकडे न्यायचं नाही ना तुम्हाला? मग का नाही ते तारीख घालून लिहा. उद्या मी विचारीन," म्हणाली. म्हटलं लिहितो की. घाबरतो की काय!

तर कारण असं. आमची बबडी वीस वर्षांची आहे. (बबडी म्हटलेलं तिला चालत नाही, पण वहीत कोण बघतंय.) इमारतींचे नकाशे काढायला शिकते. ऑक्टोबरपासून तिला उजेड टोचतो. फरशीच्या रेघा हलतात म्हणते. जिन्याची पायरी कधी जवळ येते, कधी लांब जाते. ओळ वाचता वाचता अक्षरं सुटी होतात. कॉलेजात जाणं महिनाभर बंद आहे. आता हे खातं कुणाचं? डोळ्यांचं. आणि डोळ्यांच्या खात्यात या गावात पंचवीस वर्षं दुकान मांडून कोण बसलंय? मी. आणि ही म्हणते, मनाच्या डॉक्टरकडे न्या. नळ गळतोय आणि बोलवायचं सुताराला!

नंबर लागलाय पोरीला. एवढंच आहे. सही, तारीख, सगळं केलंय.

९ फेब्रुवारी

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बबडीला दुकानात बोलावून खुर्चीत बसवलं. तक्त्यावरची शेवटची ओळ मी पाठ आहे म्हणून वाचतो. तिने ती धडाधड वाचली आणि वर तक्ता छापणाऱ्याचं नावही वाचून दाखवलं, जे मला आजवर माहीत नव्हतं. दोन्ही डोळे सहा बाय सहा. तरी ट्रायल फ्रेम चढवली आणि बारा वेळा काचा बदलल्या.

"आता बरं की मघाशी बरं?"

"सारखंच, बाबा."

पाव नंबरचा सिलेंडर, म्हणजे तिरक्या नंबराची काच, घातली. "आता?"

ती जरा वेळ माझ्या खिशाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो. थोडं बरं वाटतंय."

बघा! सापडला की नाही? रात्रीपर्यंत काचा घासून चष्मा तयार. हा चौथा. पहिला चमक मारणाऱ्या काचेचा, दुसरा तपकिरी काचेचा, तिसरा फिकट निळा. तिन्ही तिने घातले, तिन्हींनी "थोडं बरं" वाटलं. हळूहळू आपण मुक्कामाला पोचतोय.

एक बारीक गोष्ट. हल्ली ती बोलताना माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघून बोलते. डाग पडलाय का म्हणून दोनदा पाहिलं. डाग नाही. खिशात नेहमीचा बारका स्क्रूड्रायव्हर, पिवळ्या मुठीचा, फ्रेमचे स्क्रू आवळायचा. लाजत असेल. वय आहे.

१५ फेब्रुवारी

हिने माझ्यासाठी घरात घालायला बिनखिशाचा बनियनसारखा टी-शर्ट आणला, जांभळा. सकाळी घालून चहाला बसलो तर बबडी स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. आत येईना. "ये की, बस," म्हटलं तरी उभीच, चौकटीला धरून. मी आत जाऊन रोजचा शर्ट घालून आलो तेव्हा येऊन बसली आणि बशीतला चहा प्यायली. पोरीला रंगांची जाण आहे. जांभळा खरंच भयंकर होता.

हिने काहीतरी आपल्या त्या गिचमिड लिपीत लिहून घेतलं. आमच्या घरात चहा पितानाही नोंद होते.

१८ फेब्रुवारी

आज रिटायर पोस्टमास्तर येऊन तासभर एका नाकाच्या पॅडवरून माझं डोकं खाऊन गेले. जेवताना त्यांची नक्कल केली, तो खर्जातला, शब्दाशब्दाला थांबणारा आवाज. नकला हा माझा हातखंडा. बबडी लहान असताना हसून हसून खुर्चीतून पडायची. आज हसली नाही. मान वर करून दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "कोण आलंय?"

वा! म्हटलं, नक्कल करावी तर अशी. ही मात्र पानावरून उठून गेली.

२६ फेब्रुवारी

शेवटी हिने आपलं खरं केलं. रजा टाकली, बबडीला घेतलं आणि मलाही जवळजवळ बखोट धरून मनाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर माणूस भला असेल, पण चष्म्याची डावी काडी वाकलेली. तासभर तो बोलत होता आणि माझे हात शिवशिवत होते. ज्याला स्वतःच्या नाकावरचं सरळ करता येत नाही तो दुसऱ्याच्या डोक्यातलं काय सरळ करणार? शेवटी म्हणाला, "सायकोसिसची सुरुवात दिसते. औषध आत्ता सुरू केलं तर खूप फरक पडतो. जितके महिने असेच जातील तितकं माघारी येणं अवघड होतं."

"आणि डोळ्यांचं काय?"

"डोळे उत्तम आहेत. डोळे माल बरोबर आणतात. आत तो लावून घेण्यात गोंधळ होतोय."

मग त्याने बबडीला विचारलं, गोळी घेशील का. तिने माझ्या खिशाकडे बघितलं. "बाबा म्हणाले तर घेईन."

माझी छाती भरून आली, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "आधी डोक्याचा फोटो काढा. फोटोत काय ते दिसू दे, मग गोळीचं बघू." तो म्हणाला, दुसरं काही नाही ना हे बघायला फोटो काढूच, पण हा आजार फोटोत दिसत नाही, गोळी त्यासाठी अडवू नका. आता जो फोटोत दिसत नाही त्याच्यासाठी माझ्या पोरीने गोळ्या खायच्या! पुडकं आणलं आणि कपाटावर ठेवलं. परत येताना ही पूर्ण रस्ता एक शब्द बोलली नाही. कोर्टाची सवय, निकाल लागेपर्यंत गप्प.

५ मार्च

रिपोर्ट आला. नॉर्मल! सगळं नॉर्मल! डोकं घासून पुसून लखलखीत.

दुकानातूनच डॉक्टरला फोन लावला. म्हटलं, "बघितलंत?"

"चांगली बातमी आहे. गाठबीठ काही नाही. पण आजार नाही असा याचा अर्थ नाही होत."

"जो एवढ्या मोठ्या यंत्रात दिसत नाही तो आजार असतो तरी कुठे हो डॉक्टर?"

"तुमच्या मुलीला विचारा ना. तिला काय दिसतं ते."

फोन ठेवून दिला. पेशंटलाच विचारायचं असतं तर मी भिंतीवर तक्ता कशाला टांगला असता?

बबडीला रिपोर्ट वाचून दाखवला. "म्हणजे मी ठीक आहे, बाबा?" "एकदम ठणठणीत." ती "बरं" म्हणाली आणि पाचवा चष्मा पुसत बसली. तो कधी केला ते लिहायचं राहिलं. गुलाबी काचेचा आहे.

पुडकं कपाटावरच आहे.

१२ मार्च

हॉस्पिटलातल्या एका संशोधक बाईंचा फोन. डॉक्टरने नंबर दिला म्हणे. या आजाराच्या सुरुवातीला माणसाचं बघणं कसं बदलतं, याचा त्या अभ्यास करतायत. चित्रं दाखवायची आणि दाखवताना मेंदूत कुठला भाग काम करतो त्याचे फोटो घ्यायचे. पेशंट हवेत आणि पेशंटचे सख्खे नातेवाईकही हवेत. "काका, तुम्ही दोघंही याल का? उपचाराशी याचा संबंध नाही, अगदी तुमच्या मर्जीवर आहे."

काका! चाळिशी उलटली की माणसाचं नावच जातं. भाजीवाला काका म्हणतो, बँकेतला काका म्हणतो, आता शास्त्रही काका म्हणायला लागलं. पण मी लगेच हो म्हटलं. हीच तर संधी आहे. बाप-लेकीला एकच परीक्षा, एकच यंत्र. दोघांचं उत्तर सारखं आलं की यांचा खेळ खलास. मग बघू कोण गोळ्या देतंय.

बबडीला विचारलं. "तुम्ही बरोबर असाल ना?" "शेजारीच." "मग येते."

२० मार्च

जिंकलो! आधी जिंकलो ते लिहितो.

ही कोर्टात, त्यामुळे आम्ही दोघंच गेलो. संशोधक बाई म्हणजे माझ्या दुकानात पहिला चष्मा घ्यायला येतात तेवढी पोर. यंत्रात आपला चष्मा चालत नाही, म्हणून त्यांच्याकडे प्लास्टिकच्या फ्रेमा आणि सुट्या काचांचा डबा. काचा उलट्यासुलट्या टाकलेल्या. मी पाच मिनिटांत नंबराप्रमाणे लावून दिल्या. "काका, तुम्ही रोज या," म्हणाली.

मग आत जाण्याआधी एक गंमत. खोलीच्या टोकाला स्टँडवर एक मुखवटा, माणसाच्या तोंडाचा, मागून उजेड. विचारलं, नाक बाहेर आलंय की आत गेलंय? बबडीने एकदा बघितलं. "आत. पोकळ आहे. साच्याची मागची बाजू." मी हसलोच. नाक ढळढळीत बाहेर! चांगलं धारदार नाक. मी तसं सांगितलं. बाईंनी स्टँड बाजूने फिरवला. पोकळ. जवळ जाऊन बोट घातलं, नाकाच्या जागी खड्डा. परत मागे येऊन उभा राहिलो, तर नाक बाहेर! तीनदा बोट घातलं, तीनदा मागे आलो, तीनदा फसलो. पंचवीस वर्षं या धंद्यात!

"म्हणजे बबडीचं बरोबर आणि माझं चूक," मी म्हटलं. "आणि गोळ्या तिला?"

"हो काका, तिचं बरोबर आहे. तेच तर बघतोय आम्ही." बाई जरा दबकत म्हणाल्या. "चेहरा म्हटलं की आपण समोर काय आहे ते नीट बघतच नाही, आधीच ठरवून टाकतो. म्हणून फसतो. या आजारात ते आधीचं ठरवणं ढिलं पडतं, काही जणांचं. मुखवट्याला ते बरं. पण दिवसभर माणसांत वावरायचं तर त्या ठरवण्याचीच गरज असते ना."

बोलणं मोठं गोड, पण मुद्दा माझाच. ज्याला खरं दिसतं तो आजारी, आणि फसेल तो शहाणा! हे हिला शब्दशः लिहून घ्यायला लावणार आहे.

नंतर बबडीला शेजारच्या खोलीत प्रश्नांचे कागद भरायला बसवलं आणि मला कपडे बदलायला पाठवलं. धातू काही म्हणजे काही नको. घड्याळ, पट्टा, चष्मा, खिशातला स्क्रूड्रायव्हर, सगळं टोपलीत. वर तो हिरवट झगा, मागून बांधायचा. असा सजून बाकावर बसलो होतो तेवढ्यात बबडीचे कागद संपले आणि ती बाहेर आली. मला समोरचं धूसर, पण आपली पोर ओळखणार नाही का? दोन हातांवर येऊन उभी राहिली. माझ्या छातीकडे बघितलं, मग इकडेतिकडे, आणि अगदी अदबीने म्हणाली, "काका, माझे बाबा आत गेलेत का? त्यांच्या खिशात पिवळ्या मुठीचा छोटा स्क्रूड्रायव्हर असतो."

काय अभिनय! बापाची पोर ती. मीही कमी नाही. पोस्टमास्तरांचा आवाज लावला, खर्जातला. "तुझे बाबा? गेले ते. कंटाळले म्हणे तुला."

ती "बरं, थँक्यू काका" म्हणाली. जराही हसली नाही. तेवढ्यात मला आत बोलावलं.

आत पाऊण तास. डोक्यावर आरसा, आरशातून मागचा पडदा, पडद्यावर एकामागून एक मुखवटे, आणि यंत्र पत्र्यावर हातोडे मारावे तसं वाजतंय. मला मजेत हसू येत होतं, तर माइकवरून बाई म्हणाल्या, "काका, हलू नका."

बाहेर आलो तर बबडी बाकावर नव्हती. बाई धावल्या, शिपाई धावला. मी चष्मा आणि शर्ट चढवून जिना उतरलो. खाली फाटकाशी उभी राहून ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर असलेले कुणी दिसले का. शेजारून गाड्या जात होत्या. मला बघितलं, म्हणजे खिसा बघितला, आणि येऊन हात असा धरला की बोटं दुखली. "कुठे गेला होतात, बाबा?"

पोर नाटक फार ताणते. घरी येताना विचारते, "त्या काकांना तुम्ही ओळखता?"

म्हटलं, चांगलं ओळखतो.

एकूण दिवस आपला. पण का कोण जाणे, जेवण गेलं नाही.

२१ मार्च

सकाळी हिला सगळं सांगितलं. मुखवट्याचं सांगितलं, नाटकाचं सांगितलं. पोस्टमास्तरांचा आवाजही काढून दाखवला. वाटलं हसेल.

ही उठली, आपली वही आणली, पानं चाळली आणि कोर्टात वाचतात तशा सपाट आवाजात वाचायला लागली.

"अकरा जानेवारी. बबडी म्हणाली, आई, बाबांचा चेहरा मला लागत नाही. नाक दिसतं, मिशी दिसते, पण त्याचे बाबा होत नाहीत. मी खिशातल्या स्क्रूड्रायव्हरवरून ओळखते. त्यांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. त्याच दिवशी मी यांना सांगितलं. हे म्हणाले, म्हणजे लांबचा नंबर लागलाय."

"मी असं म्हणालो?"

"माझ्याकडे आहे ना लिहिलेलं. पंधरा फेब्रुवारी, जांभळा टी-शर्ट. तेही वाचू?"

नको म्हटलं. खुर्ची ओढून बसलो. म्हणजे नाटक नव्हतं. माझ्या पोरीने एका परक्या माणसाला बाप कुठे आहे म्हणून विचारलं आणि त्या हरामखोराने तिला सांगितलं, कंटाळून गेला.

बबडी बाल्कनीत बसली होती, गुलाबी चष्मा लावून. मी समोर स्टूल ओढलं. रोजचा शर्ट, खिशात स्क्रूड्रायव्हर. पंचवीस वर्षं लोकांना विचारतोय, काय दिसतं? पण ते नेहमी तक्त्यावरचं. "बबडे, खिसा सोड. वर बघ. माझ्या तोंडावर काय दिसतं, सांग."

तिने प्रयत्न केला. कपाळावर घाम आला तिच्या. "नाक आहे. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे खड्डे आहेत, डावा जास्त खोल. उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे. मिशी आहे. डोळे आहेत, पण ते वेगळे आहेत, एक इकडे, एक तिकडे. सगळं आहे, बाबा. नुसतं एकत्र येत नाही."

डावा खड्डा जास्त खोल आहे. मी आरशात बघितलं. माझी स्वतःची फ्रेम वाकडी आहे, किती वर्षं कुणास ठाऊक.

"हे चष्मे?"

"त्यांनी काही होत नाही." मग घाईघाईने, "पण तुम्ही एवढे मनापासून करता."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तिनेच विचारलं. "बाबा, ते कालचे काका म्हणाले, तुम्ही मला कंटाळलात. खरंय?"

नाही म्हणून टाकायचं. त्या माणसाला शिवी घालायची, तिला जवळ घ्यायचं. सगळं सोपं होतं. पण मग तिला आपण ठणठणीत आहोत असंच वाटत राहिलं असतं, मी वाचून दाखवलं होतं तसं. आणि पुडकं कपाटावर.

"तो काका मी होतो," म्हटलं. "झग्यात होतो. खिसा नव्हता. आवाज पोस्टमास्तरांचा काढला. तू थट्टा करतेस असं वाटलं मला."

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"तुम्ही होतात," ती म्हणाली. "माझ्या एवढ्या जवळ?"

"हो."

"आणि मला काहीच कळलं नाही." तिने चष्मा काढून घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवला, स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी. "म्हणजे मी ठीक नाहीये, बाबा."

"नाहीस," मी म्हटलं. पोटच्या पोरीला हे तोंडावर सांगायचं म्हणजे काय असतं ते मी लिहू शकत नाही. ही लिहील.

"मग गोळी द्या."

स्टुलावर चढून पुडकं काढलं. वर धूळ बसली होती. ही दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होती, तिच्या हातात वही नव्हती.

३० मे

वही बरेच दिवस उघडली नाही. हिने विचारलंही नाही.

गोळीने आधी झोप झोप केली, मग भूक भूक. डॉक्टरने एकदा बदलली. आता फरशी बहुतेक वेळा जागेवर असते. पुढचं विचारलं की डॉक्टर "बघू" म्हणतो. मी त्याची काडी सरळ करून दिली, फुकट. "गोळी महिनाभर लवकर सुरू केली असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. म्हटलं, मला माहीत आहे. पाचही चष्म्यांच्या काचा काढून ठेवल्यात, फ्रेमा विकायला लावल्या.

मी रोज तोच शर्ट घालतो. म्हणजे तसले सहा शिवून घेतलेत, सगळ्यांना डावीकडे खिसा. गिऱ्हाइकं म्हणतात, काका, कपडे बदलत नाही का?

बबडीची नजर हळूहळू वर सरकतेय. एप्रिलभर खिशावर होती. मग कॉलरपर्यंत आली. मी काही बोलत नाही, नुसता सरळ बसतो. आज चहा पिताना हनुवटीवर थांबली. बराच वेळ थांबली.

"बाबा, इथे खालती दाढीचा एक खुंट राहिलाय."

हात लावून बघितला. राहिला होता.